मर्यादवेल आणि मार्चअखेर

समुद्रकिनाऱ्यावर भरतीच्या रेषेच्या जरा वर, जिथे ओली वाळू संपून कोरडी सुरू होते, तिथे एक वेल पसरलेली असते. पाने जाड, आपट्याच्या पानासारखी टोकाशी दुभंगलेली. फुले जांभळट गुलाबी. मराठीत हिला मर्यादवेल म्हणतात. ज्याने हे नाव ठेवले त्याला वनस्पतिशास्त्र येत होते की नाही ते ठाऊक नाही, पण समुद्र मात्र त्याला नक्की कळत होता. समुद्राने इथवर यावे आणि माणसाने इथवर जावे, अशी दोघांनाही घालून दिलेली मर्यादा त्याने त्या नावात सांगून ठेवली आहे.

आमच्या बार्देशात किनाऱ्याच्या 'सुशोभीकरणा'चा विषय निघाला की दोन प्रकारची माणसे हिरिरीने बोलू लागतात. एकांचे म्हणणे, गावकऱ्यांना विकास नकोच आहे, कशालाही विरोध करायची त्यांना सवय लागली आहे. दुसऱ्यांचे म्हणणे, सरकारला गावच विकून टाकायचा आहे. मी एका सरकारी खात्यात यूडीसी आहे, शिक्षण कला शाखेचे, आणि राहतो म्हापशाजवळच्या एका खेड्यात. म्हणजे दिवसभर फायली बघतो आणि संध्याकाळी गाव. मला या दोन्ही म्हणण्यांत फारसे तथ्य दिसत नाही. कळंगुट, कांदोळी, बागा इथल्या माणसांची चिडचिड खरी आहे, पण तिचे मूळ वेगळ्या ठिकाणी आहे. ते शोधायचे तर थोडे मागे जावे लागेल.

प्रथम जमीन कशी आहे ते पाहू. दक्षिणेला आग्वादचा डोंगर आणि नेरूलची नदी, उत्तरेला बाग्याची खाडी, आणि या दोहोंच्या मध्ये सहा-सात किलोमीटरचा वाळूचा सलग पट्टा. समुद्राकडून आत चालू लागलो की आधी पुळण, मग वाळूची टेकाडे, मग माडांच्या सावलीतली वस्ती, आणि वस्तीच्या मागे सखल भातशेते. त्यापलीकडे साळगाव-पर्ऱ्याकडची उंच जमीन. पावसाळ्यात त्या उंचवट्यावर पडलेले पाणी शेतात उतरते, तिथे काही काळ थांबते आणि मग नदी-खाडीच्या वाटेने समुद्राला मिळते. म्हणजे हे गाव दोन पाण्यांच्या मध्ये वसलेले. पश्चिमेला खारे पाणी, पूर्वेला गोडे. एकाला अडवायला वाळूची टेकाडे आणि दुसऱ्याला सामावून घ्यायला शेते. या व्यवस्थेत कुठेही सिमेंट नव्हते, आणि तरीही ती शेकडो वर्षे चालली.

जुन्या लोकांनी घरे कुठे बांधली ते पाहा. कळंगुटचे सांत आलेक्सचे चर्च समुद्रापासून बरेच आत आहे. भाटकारांची मोठी घरेही आतच. समुद्राच्या तोंडावर घर बांधणे हे त्या काळी श्रीमंतीचे लक्षण नव्हते, वेडेपणाचे होते. खारे वारे, उडणारी वाळू, आषाढातला दर्या... कोण राहील तिथे? पोर्तुगीजांनीसुद्धा आग्वादचा किल्ला बांधला (१६१२ मध्ये पूर्ण झाला) तो डोंगराच्या खडकावर. 

आणि हा पट्टा म्हणजे नुसता 'बीच' नव्हे, हेही सांगायला हवे. सोळाव्या शतकात देव हलवावे लागले तेव्हा इथली शांतादुर्गा डिचोलीतल्या नानोड्याला गेली. आजही तिला 'कळंगुटकरीण' म्हणतात. गावातून जाऊन चारशेहून अधिक वर्षे झाली, पण तिने गावाचे नाव सोडले नाही. आब्बे फारिया १७५६ मध्ये जन्मला तो कांदोळीत. १७८७ चा पिंटोंचा उठाव ज्या घराण्याच्या नावाने ओळखला जातो ते घराणेही कांदोळीचेच. पर्यटनाच्या माहितीपत्रकात यातले फारसे काही नसते. तिथे फक्त माड, वाळू आणि सूर्यास्त.

मग पूर्वी किनाऱ्यावर काहीच नव्हते का? होते की! पण जे होते ते हंगामी. पोर्तुगीज अमदानीत सुखवस्तू कुटुंबे मे महिन्यात हवापालटासाठी समुद्रकाठी येत. त्याला 'मुदांस' म्हणत. कुणी घर भाड्याने घेई, कुणी चुडतांच्या झापांची झोपडी उभारी. पावसाची चिन्हे दिसू लागली की झोपडी मोडायची, झापे घरी न्यायची आणि किनारा दर्याच्या स्वाधीन करायचा. आम्हा हिंदू घरांतही मे महिन्यात खाऱ्या पाण्याच्या आंघोळीला जायची रीत होती. त्याने अंगावरची खरूज जाते, सांधे मोकळे होतात, असे आजी सांगायची. माझ्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, आम्ही सकाळच्या बसने जाऊन दुपारच्या आत परत येत असू. मिरगाच्या आधी हे सगळे उरकायचे, मग चार महिने त्या बाजूला फिरकायचे नाही, हा अलिखित नियम होता.

किनाऱ्याचा खरा वापर होता तो रापणकारांचा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे भले मोठे जाळे. होडीतून ते अर्धवर्तुळात टाकायचे आणि मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लावून वाळूवर ओढून आणायचे. त्याला लागते ती लांबरुंद मोकळी पुळण. होड्या ठेवायला वाळूवरच झापांची छपरे असत, तीही हंगामी. सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर आले आणि रापणकारांच्या पोटावर पाय आला, तेव्हा माथानी साल्ढाणांच्या नेतृत्वाखाली त्यांनी मोठा लढा दिला. १९८० चा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा हे त्या लढ्याचे फळ. समुद्रातल्या हद्दीसाठी झालेली ती लढाई सर्वांना आठवते. वाळूवरची हद्द मात्र गाजावाजा न होता आक्रसत गेली, कारण तिथे ट्रॉलरसारखा डोळ्यांना दिसणारा शत्रू नव्हता. आज एक खाट, उद्या चार खुर्च्या, परवा एक भिंत.

पर्यटन आले ते मुक्तीनंतर. सरकारने कळंगुटला अगदी वाळूला लागून पर्यटक निवास बांधले. साठच्या दशकाच्या अखेरीस हिप्पी आले, आधी कळंगुटला आणि मग हणजुणेला. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, ते सोडू. एक गोष्ट मात्र नीट लिहिली गेली नाही असे मला वाटते. किनाऱ्यावरच्या पुष्कळ कुटुंबांची राहती घरे भाटकाराच्या जमिनीत होती. मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला तो १९७५ मध्ये. अशा घरातली एक खोली परदेशी माणसाला भाड्याने दिली, त्याला मासळीची कढी आणि भात रांधून घातला, तर महिन्याकाठी जे रोख पैसे हातात पडत ते त्या घराने आधी कधी पाहिले नव्हते. पोर शाळेत गेले, छपराला मंगळुरी कौले आली. भाटकारासमोर मान खाली घालून उभे राहायची वेळ टळली. तेव्हा 'स्थानिकांनी पैशासाठी गाव बिघडवले' असे जे सहज बोलले जाते, ते बोलणाऱ्याने ही बाजूही ध्यानात घ्यावी. पहिले शॅकही गावच्याच लोकांचे होते, आणि ते चुडतांचे, हंगामी, मे महिन्यात मोडायचे. म्हणजे मुदांसच्या झोपडीचीच ती पुढची पिढी. परंपरा तुटली नव्हती.

ती तुटली पक्क्या बांधकामाने. १९७४ मध्ये शिकेरीला किल्ल्याच्या खालच्या तटाला लागून ताजचे मोठे हॉटेल उघडले. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले, की भरतीच्या कमाल रेषेपासून पाचशे मीटरपर्यंत किनारा मोकळा ठेवावा. आणि दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९८३ मध्ये, राष्ट्रकुल प्रमुखांचा विश्रांतीचा मुक्काम याच आग्वाद-शिकेरीत झाला! त्या निमित्ताने नव्या इमारती उठल्या. पत्र एकीकडे आणि पाहुणचार दुसरीकडे. १९८७ मध्ये गोवा घटक राज्य झाला. युरोपातून थेट दाबोळीला उतरणारी चार्टर विमाने त्याच काळातली, आणि त्यांना विरोध करणारी 'जागृत गोंयकारांची फौज'ही त्याच काळातली.

पत्राचे कायद्यात रूपांतर व्हायला दहा वर्षे लागली. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारी नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, अधिसूचना निघाली. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून पहिले दोनशे मीटर बांधकाम नाही, दोनशे ते पाचशे मीटरमध्ये नऊ मीटर उंचीपर्यंत आणि दोन मजल्यांपर्यंतच. १९९४ मध्ये दुरुस्ती करून त्यात सवलती घातल्या गेल्या, आणि त्यांतल्या महत्त्वाच्या सवलती सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रद्द केल्या. मग २०११ ची अधिसूचना, मग २०१९ ची. २०१९ मध्ये दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यासाठी दोनशे मीटरचे पन्नास मीटर झाले. मर्यादवेलीला मात्र या दुरुस्त्यांची कल्पना नसावी. ती अजून आपल्या जुन्याच रेषेवर उगवते, जिथे तिला जागा उरली आहे तिथे.

२०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी एक स्वतंत्र भाग होता आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. सप्टेंबर ते मे या महिन्यांत रूढीने उभारल्या जाणाऱ्या तात्पुरत्या, हंगामी बांधकामांना त्यात मान्यता होती. वाळूच्या टेकाडांचे आणि खाजन जमिनींचे नकाशे करावेत, टेकाडांवर कसलेही काम होऊ देऊ नये, असेही त्यात होते. मच्छीमारांची गावे निश्चित करून जाळी विणायला, होड्या दुरुस्त करायला जागा देण्याची सोय होती. म्हणजे आमच्या आजोबा-पणजोबांची रीत दिल्लीच्या राजपत्रात छापून आली! किनारा आठ-नऊ महिने माणसांचा आणि उरलेले महिने दर्याचा, हे सरकारने लेखी कबूल केले.

पण कबूल करणे वेगळे आणि कामाला लावणे वेगळे. त्या अधिसूचनेप्रमाणे करायचा गोव्याचा किनारी आराखडा मंजूर झाला तो सप्टेंबर २०२२ मध्ये. अकरा वर्षे! तोवर २०१९ ची नवी अधिसूचना येऊन तीन वर्षे झाली होती. मार्च २०२१ मध्ये पणजी आणि मडगावला त्यावर जनसुनावणी झाली तेव्हा लोक संतापून उठले, आणि जुलैमध्ये ती पुन्हा घ्यावी लागली. लोकांचे म्हणणे काय होते? नकाशात आमची टेकाडे नाहीत, खाजने आणि त्यांचे बांध नाहीत, मासेमारीचे वाडे नाहीत, आमची घरे नाहीत. ज्या गोष्टी गावातले शाळकरी पोरही बोट करून दाखवील त्या नकाशात नव्हत्या. राग येणार नाही तर काय होईल?

यापूर्वीही असेच झाले होते. ऑगस्ट २००६ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला, आणि हिरव्या जमिनी वस्तीच्या रंगात गेल्याचे लोकांच्या ध्यानात आले. डिसेंबरात गोवा बचाव अभियान उभे राहिले, आझाद मैदान भरले, आणि २००७ च्या प्रारंभी सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढच्या, २०२१ च्या आराखड्याच्या वेळी चार्ल्स कोरियांसारखा वास्तुविशारद समितीवर होता. मसुदा गावोगाव पाठवला, गावांनी रात्री जागून आपापले नकाशे तपासले, शेत, डोंगर, झरी, मानस अशा नोंदी करून दिल्या. गोव्यात नियोजनात लोकांना विचारले गेले असा हा दुर्मीळ प्रसंग. अंतिम आराखडा आला तेव्हा आमच्या सूचना गेल्या कुठे, असे अनेक गावांनी विचारले. तरी त्या वेळी एक सिद्ध झाले, की गावाला विचारले तर गाव उत्तर देतो, आणि ते उत्तर बहुधा सल्लागाराच्या अहवालापेक्षा नेमके असते.

आता माझ्या टेबलाकडे येतो, कारण मला जे सांगायचे आहे ते तिथूनच नीट दिसते.

सरकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. निधी मार्चअखेर खर्च व्हायला हवा, नाहीतर तो परत जातो, आणि पुढच्या वर्षी 'गेल्या वर्षीचा खर्च का झाला नाही' या प्रश्नाला उत्तर देता देता नाकी नऊ येतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्येक कचेरीत जी धावपळ असते ती तुम्ही एकदा येऊन बघाच. प्रस्ताव, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश असा प्रवास करीत किनाऱ्याचे काम प्रत्यक्ष वाळूवर पोचते ते बहुधा उन्हाळ्याच्या तोंडावर. सल्लागार पाहणीला येतो तो डिसेंबर-जानेवारीत, कारण हवा छान असते.

आणि नेमका तेव्हाच किनारा सगळ्यांत रुंद होत चाललेला असतो! पावसाळ्यात मोठ्या लाटा पुळणीची वाळू कापून नेतात आणि किनाऱ्यापासून थोडी दूर पाण्याखाली तिचा दांडा करून ठेवतात. पाऊस गेला, दर्या निवळला, की लहान लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून घालतात. दर वर्षीचा हा हिशोब. टेकाडे म्हणजे दर्याची शिल्लक. एखाद्या वर्षी वादळ मोठे झाले तर तो त्यातून काढतो आणि पुढच्या वर्षांत भरून टाकतो. मर्यादवेल आणि रावणाची मिशी म्हणतात ते काटेरी गवत, ही दोन उडती वाळू धरून ठेवून ती शिल्लक सांभाळतात. टेकाड सपाट करून त्यावर वाहनतळ केला की शिल्लकच संपली. भिंत बांधली की लाट तिच्यावर आपटून पायथ्याची वाळू खरवडते आणि भिंतीच्या टोकापलीकडची शेजाऱ्याची वाळूही नेते. हे कळायला शास्त्रज्ञ असावे लागत नाही. पण शास्त्रज्ञही आपल्याकडे आहेत. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावललाच आहे, सचिवालयापासून मोटारीने अर्ध्या तासाच्या अंतरावर.

डिसेंबरातला किनारा मोजायचा आणि त्यावर बारमाही बांधकाम करायचे, हा आमच्या नियोजनातला मूळ दोष आहे. एका किनाऱ्यावर (नाव घेत नाही, तुम्ही ओळखालच) सुंदर पायऱ्या झाल्या, रंगीत फरशा बसवल्या, बसायला बाक आले. फोटो फार छान आले. एका पावसाळ्यानंतर जाऊन पाहिले तर शेवटची पायरी अधांतरी, फरश्यांच्या खालून वाळू निघून गेलेली, आणि बाकाच्या पायाशी खड्डा. जवळच जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका म्हाताऱ्या रापणकाराला मी म्हटले, हे असे कसे झाले? तो हसला आणि म्हणाला, "बाब, दर्यान दिल्लें दर्या परत व्हरता." समुद्राने दिलेले समुद्र परत नेतो. काम चालू असताना तुम्ही कुणाला सांगितले नाही का, असे विचारले तर म्हणाला, सांगितले होते. कंत्राटदाराच्या माणसाला सांगितले. तो कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातला होता, त्याला हातातले काम संपवून गावी जायचे होते.

मला वाटते, इथल्या संतापाचे मूळ हेच. पैसा आला याचा राग नाही. पाहुणे येतात याचाही नाही, त्यावरच तर घरे चालतात. राग आहे तो न विचारल्याचा, आणि ठाऊक असलेली चूक डोळ्यांदेखत होऊ दिल्याचा.

पैसा तर पुष्कळ आला. केंद्राच्या स्वदेश दर्शन योजनेखाली २०१६-१७ मध्ये शिकेरी-बागा, हणजूण-वागातोर, मोरजी-केरी आणि आग्वादचा किल्ला व तुरुंग असे एक सागरी मंडळ गोव्यासाठी मंजूर झाले. पुढच्या वर्षी दुसरे, त्यात पणजीतली रुआ द ओरेंची खाडी, दोनापावल, कोलवा आणि बाणावली. प्रत्येकाला जवळजवळ शंभर कोटी. त्यातून आग्वादच्या जुन्या तुरुंगाचे संग्रहालय झाले, १९ डिसेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ज्या कोठड्यांत स्वातंत्र्यसैनिकांनी दिवस काढले त्या नव्या पिढीला पाहता येतात, ही गोष्ट चांगलीच झाली. दगडी वास्तूवर, खडकावर केलेला खर्च टिकतो. प्रश्न आहे तो वाळूवरच्या खर्चाचा.

कळंगुटच्या किंवा बाग्याच्या माणसाला विचारा, तुला काय हवे? तो कमानी आणि दिव्यांचे खांब मागत नाही. तो सांगेल, सांडपाण्याची नळवाहिनी घराघराला जोडा, म्हणजे ते नाल्यातून खाडीत जाणार नाही. शेतांत भराव घालणे थांबवा, म्हणजे आषाढात पाणी माझ्या ओट्यावर येणार नाही. वाहनतळ वाळूपासून दूर, आत करा. नळाला पाणी द्या, विहीर आता मचूळ झाली आहे. होडी ठेवायला जागा सोडा. यातली एकही गोष्ट फोटोत छान दिसत नाही. नळवाहिनी तर जमिनीखाली असते, तिची फीत कशी कापणार? आणि तरीही २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख लोकसंख्या असलेल्या या राज्यात २०१९ साली ऐंशी लाखांवर आणि २०२४ मध्ये एक कोटीवर पर्यटक आले. त्यांचा मोठा भार सोसतात ती ही उत्तर किनाऱ्यावरची गावे. इतक्या माणसांचे सांडपाणी आणि कचरा रंगीत फरशांच्या खाली झाकून ठेवता येत नाही.

कुणी म्हणेल, मग काहीच बांधू नये का? असे मी म्हणत नाही. पाहुण्यांना शौचालय हवे, कपडे बदलायला आडोसा हवा. म्हाताऱ्या माणसाला पाण्यापर्यंत जायला वाट हवी, आणि वाळूत न रुतता व्हीलचेअर जायलाही. बुडणाऱ्यांना वाचवायला २००८ पासून जीवरक्षक आहेत, त्यांनाही मनोरा हवा. पण हे सगळे मेअखेर उचलून ठेवता येईल असे करता येते. लाकडी फळ्यांची वाट, सुटे भाग जोडून केलेली खोली, आणि पक्की इमारत टेकाडांच्या मागे. शॅकवाला दर वर्षी आपले सगळे हॉटेल मोडतो आणि पुन्हा उभारतो, आणि वर सरकारला शुल्कही भरतो. जे एका शॅकवाल्याला जमते ते शंभर कोटींच्या योजनेला जमू नये?

समुद्राला कमी लेखले की काय होते याचा नमुना कांदोळीने जवळजवळ बारा वर्षे पाहिला. ६ जून २००० रोजी, म्हणजे ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, 'रिव्हर प्रिन्सेस' हे खनिजवाहू जहाज तिथे रुतले. फायली फिरल्या, निविदा निघाल्या, न्यायालयात प्रकरणे गेली. जहाज दर वर्षी वाळूत आणखी खोल बसत गेले. पहिल्या हंगामात जे काम सोपे होते ते दर पावसाळ्यागणिक अवघड झाले. वाळू आपल्या वेळापत्रकाने चालत होती आणि कचेरी आपल्या.

म्हणून माझी सूचना साधी आहे, आणि ती फायलीत बसेल अशीच करतो. किनाऱ्यावरच्या कुठल्याही कामाच्या प्रस्तावात दोन पाहण्या सक्तीच्या असाव्यात, एक जानेवारीतली आणि एक जुलैतली, फोटोंसह. दुसरे, प्रकल्प अहवाल तयार व्हायच्या आधी तो विषय ग्रामसभेपुढे यावा. अहवाल छापून झाल्यावर 'हरकती मागवण्या'ला अर्थ नसतो, तोवर आकडे ठरलेले असतात आणि ठरलेला आकडा बदलायला कुठलाच अधिकारी धजत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. तिसरे, पैसे देताना देखभालीचा निधी त्याच आदेशात असावा. आणि चौथे, जिथे टेकाडे अजून शिल्लक आहेत तिथे कुंपण घालून मर्यादवेल लावावी. या झाडाला पाणी घालावे लागत नाही, खत लागत नाही, आणि तिचे उद्घाटन करायला कुणी यावे लागत नाही. कदाचित तीच तिची अडचण असेल!

पंचायतीत जाऊन रविवारच्या ग्रामसभेत घसा कोरडा करणाऱ्या लोकांना आम्ही कचेरीत 'विरोधक' म्हणतो. खरे तर ती माणसे आमच्या फायलीतला गहाळ कागद घेऊन आलेली असतात. त्या कागदावर पाणी कुठून येते, कुठे जाते, होडी कुठे लागते आणि वाळू कुठवर सरते, एवढेच लिहिलेले असते. तो कागद फायलीला जोडून घ्यायला पैसे पडत नाहीत. ३१ मार्चला आमचे हिशोब तपासून बंद होतात. त्यानंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी दर्या त्याच कामाची तपासणी करायला येतो, आणि त्याला आमचे कुठलेही प्रमाणपत्र चालत नाही.